सुभाना वस्तादाचे पाच आकडे

फार वर्षांपूर्वी, म्हणजे तांबखडी गाव अजून टेकडीवर चढलं नव्हतं आणि खाली नदीच्या काठालाच नांदत होतं, तेव्हाची ही गोष्ट. त्या गावात सुभाना नावाचा एक वस्ताद होऊन गेला. वस्ताद म्हणजे तालमीत माणसांकडून मेहनत करून घेणारा. साल कुठलं ते विचारू नका. मला ज्यांनी सांगितलं त्यांनाही ते ठाऊक नव्हतं, आणि गोष्टीचं त्यावाचून काही अडत नाही.

वस्ताद म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं मांड्यांचे खांब आणि पिळदार मिशा येत असतील. त्या काळी आसपासच्या गावांतले वस्ताद तसे होतेही. सुभाना मात्र अंगानं किरकोळ होता. त्यानं उभ्या आयुष्यात एक कुस्ती मारली नव्हती, आणि जोर म्हणाल तर त्याच्या तालमीतले दहा गडी त्याच्या दुप्पट काढायचे. तरी चार कोसांवरून माणसं त्याच्याकडंच यायची. स्वतःला जमणं वेगळं आणि दुसऱ्याकडून करून घेणं वेगळं, एवढी साधी गोष्ट त्याला कळली होती. ती पुष्कळांना जन्मभर कळत नाही.

बाकीचे वस्ताद ओळीपुढं उभे राहायचे ते ओळीकडं पाठ करून. ते करतील तसं मागच्यांनी करायचं. मागं कुणाचा गुडघा कुठं चाललाय, कुणाच्या डोळ्यांपुढं अंधारी आलीय, त्यांना काय दिसणार? सुभाना ओळीकडं तोंड करून उभा राहायचा. तोंडानं "उजवा" म्हणायचा आणि स्वतःचा डावा हात उचलायचा, म्हणजे समोरच्याला बघून करायला सोपं जावं. वर्षानुवर्षं असं केल्यामुळं त्याचं डावं-उजवं कायमचं उलटं झालं होतं. त्याची बायको म्हणायची, "ह्यास्नी उजवीकडची घागर द्या म्हणावं तर डावीकडची उचलत्यात, आन वर माझ्याकडंच बघत्यात, मला जमलं का म्हणून."

पहिल्या ओळीत तो पट्टीचे गडी उभे करायचा नाही. ज्याला जमत नाही तो पहिला. त्या माणसाचा श्वास सुटला की मगच पुढचा आकडा, आणि सबंध तालीम त्या एका श्वासावर खालीवर व्हायची. तगडे गडी कुरकुरायचे.

"वस्ताद, आमचं अंग तापायच्या आत मोजणी संपती की."

"मग हळू वाका. हळू वाकायला जास्ती ताकद लागती. बघा करून."

ते करून बघायचे, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना त्यांना वस्तादाची आठवण यायची.

कुणाचं चुकलं तर तो त्याचं नाव घ्यायचा नाही. स्वतःच तसा गुडघा वाकडा टाकायचा, मग स्वतःशीच हसून सरळ करायचा. ज्याचं त्याला कळायचं, शेजाऱ्याला पत्ताही लागायचा नाही. आणि कान असे, की डोळे मिटून चाळीस लेझमींचा आवाज ऐकायचा आणि आज कोण उपाशी आलाय ते सांगायचा, असं म्हणतात.

त्याच गावात येसू नावाचा एक साळी होता. लहानपणापासून मागाच्या खड्ड्यात बसून विणायचा. सुताचा बारीक भुगा छातीत जाऊन जाऊन तिशीतच त्याचा दम संपला. देवळाच्या पायऱ्या चढायच्या तर मध्ये दोनदा बसावं लागायचं. त्याची बायको चिमाक्का. एके सकाळी तिनं नवऱ्याचा हात धरला आणि सरळ तालमीच्या दारात आणून उभा केला. तालमीत बाई आलेली बघून गडी लंगोट सावरत पळाले. ती जागची हलली नाही.

"वस्ताद, वैद्यबुवांनी हात टेकलं. ह्येंच्या छातीत दम न्हाई ऱ्हायला. तुमी बघा."

सुभानानं येसूच्या अंगाला हातही लावला नाही. त्यानं विचारलं, "काय काय होत न्हाई तेवढं सांगा."

"उठलं की धाप. बोललं की खोकला. हसलं की लईच खोकला. म्हणून हसायचं बी सोडलंय त्येंनी."

सुभानानं येसूला पहिल्या ओळीत, बरोबर मध्ये, आपल्या समोर उभा केला. पहिला महिनाभर येसूनं काही केलं नाही. नुसता उभा राहायचा आणि मोजणीबरोबर श्वास घ्यायचा, सोडायचा. गावानं चेष्टा केली की साळी तालमीत वारा प्यायला जातो. दुसऱ्या महिन्यात अर्धी बैठक, तिसऱ्यात एक. असं करत दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी येसूच्या हातात लेझीम आली. आणि एक दिवस चिमाक्का चुलीपुढं बसली असताना तिला रस्त्यावरून कुणाचं तरी खदखदा हसणं ऐकू आलं. कोण एवढं हसतंय म्हणून ती बाहेर आली, तर येसू. पाठोपाठ खोकला येईल म्हणून ती पदर तोंडाशी धरून उभी राहिली. खोकला आला नाही. त्या दिवशी ती दारातच बसून रडली.

पुढं सिदोबाची जत्रा आली. जत्रेत लेझीम खेळणार म्हणून येसूनं नवं मुंडासं विणलं, तांबड्या काठाचं. चिमाक्काच्या मनात मात्र पाल चुकचुकली. ती परत तालमीत आली.

"जत्रंत लई येळ चालतंय वस्ताद. ऊन बी असतंय. त्येंला दमवू नका."

"चिमाक्का, मी बघतोय तंवर येसूला काय बी हुणार न्हाई."

यात बढाई नव्हती. खरंच तसं होतं. तो बघत असला की कुणाला काही होत नसे.

आता त्या जत्रेची एक रीत होती, ती नीट ऐका, कारण सगळी गोष्ट तिच्यावर आहे. देवळातून पालखी निघायची आणि लेझमीचा ताफा तिच्याकडं तोंड करून, मागं मागं सरकत खेळत यायचा. सुभाना पालखी आणि ताफ्याच्या मध्ये, ताफ्याकडं तोंड करून. म्हणजे त्याची पाठ पालखीकडं. पालखी लांब होती तोवर ते चालायचं. पण पालखी पारापाशी आली की शेवटची सोळा आकड्यांची फेरी व्हायची, आणि तेव्हा देवाला पाठ दाखवलेली चालायची नाही. वस्तादानं वळायचं आणि देवाकडं बघत सोळा मोजायचे. सोळा आकडे म्हणजे किती वेळ? तांब्याभर पाणी पिऊन होईतो संपायचे. मग पालखी पारावर टेकायची आणि लेझीम थांबायची. पालखी टेकल्याशिवाय लेझीम थांबवायची नाही, अशीही रीत होती.

त्या वर्षी पालखी पारापाशी आली. सुभानानं येसूकडं बघितलं. घामानं भिजला होता, पण श्वास बरा होता. "सोळाच," असं सुभाना त्याला डोळ्यांनी म्हणाला आणि देवाकडं वळला.

सोळा झाले. पालखी टेकेना. वरल्या आळीच्या आणि खालच्या आळीच्या मानकऱ्यांत जुंपली होती. टेकताना उजवा खांदा कुणाचा! हा म्हणे आमचा, तो म्हणे आमच्या आज्याचा. पालखी अधांतरी, देव बिचारा आत हिंदकळतोय, आणि हे दोघे एकमेकांच्या मुंडाशांना हात घालताहेत. मला आजही या माणसांचा राग येतो. हलगी थांबेना. सुभानानं दुसरी फेरी मोजली. तिसरी मोजली. ऊन माथ्यावर आलं होतं. चौथी, पाचवी, सहावी.

सातव्या फेरीत, अकराव्या आकड्याला, एक लेझीम चुकली.

चाळीसांतली एक. दुसऱ्या कुणाच्या ध्यानातही आली नसती. सुभानाच्या आली, आणि कुणाची तेही त्याला कळलं. त्याची मान वळू लागली. पण समोर देव होता, हजार माणसं बघत होती, आणि बापजाद्यांपासून कुणी त्या जागी पाठ फिरवली नव्हती. पाचच तर आकडे उरलेत, असं तो स्वतःला म्हणाला. त्यानं मोजले. बारा. तेरा. चौदा. पंधरा. सोळा.

तेवढ्यात पालखी टेकली आणि तो वळला.

येसू धुळीत पडला होता. लेझीम मुठीतच होती. दोन्ही बाजूचे गडी रडत होते आणि खेळत होते. मोजणी चालू असताना कुणी थांबायचं नाही, ही शिस्त सुभानानंच त्यांच्या अंगात मुरवली होती.

सुभानानं येसूचं डोकं मांडीवर घेतलं आणि श्वासाची वाट बघत बसला. श्वास आला नाही. गर्दीतून चिमाक्का आली. तिनं हंबरडा फोडला नाही की शिव्याशाप दिले नाहीत. नवऱ्याचं तांबड्या काठाचं मुंडासं तिनं उचललं, झटकलं आणि एवढंच विचारलं.

"तुमी बघत हुता न्हवं?"

एखाद्याला जन्मभर पुरेल असा तो प्रश्न होता.

तालमीचं दार बंद झालं. सुभानानं मोजणं सोडलं. कुठलाच आकडा त्याच्या तोंडून निघेना. बाजारात चार पेंढ्या हव्या असल्या तर चार बोटं दाखवायचा. बायकोनं विचारलं, किती भाकऱ्या थापू, तर मान खाली घालायचा. सिदोबाच्या देवळाकडं तो फिरकला नाही, आणि चिमाक्काच्या दारावरून जाताना वाट वाकडी करून जायचा. एकदा आडावर समोरासमोर आले तेव्हा ती घागर भरून सरळ निघून गेली. तो रिकामी घागर घेऊन परत आला. तीन वर्षं अशी गेली. मानकरी मात्र दर जत्रेला भांडत राहिले.

चौथ्या वर्षी भाद्रपदात गावात हिवतापानं ठाण मांडलं. घराघरांत माणसं गोधडीखाली कुडकुडत पडली. अशात नदीला पूर आला. सकाळी पाणी वेशीत होतं, न्याहारीच्या वेळेला चावडीच्या पायरीला लागलं. जायला एकच जागा होती, गावामागची टेकडी. आणि टेकडीवर एकच वाट, एका माणसापुरती, एका अंगाला कडा. धडधाकट होते ते आधी पळाले. एकमेकांना रेटत पहिल्या वळणापर्यंत गेले, आणि तिथून दोघे घसरून खाली आले. एकाचा पाय मोडला. मग कुणी पुढं जाईना आणि मागचे रेटायचे थांबेनात. बायकांची रडारड सुरू झाली.

त्या गोंधळातून चिमाक्का चालत आली. अंगात ताप, डोक्यावर घोंगडी. गुडघाभर पाण्यातून ती सुभानाच्या दारात आली. तीन वर्षांत पहिल्यांदा.

सुभाना बाहेर आला. तिची अवस्था बघून तो खाली वाकला. "बसा पाठीवर. मी नेतो."

"पाठ नगं तुमची," चिमाक्का म्हणाली. "तुमची पाठ बघितलीया मी. माझा मानूस तुमच्या पाठीमागं गेला. आता त्वांड दावा. चला, उभं ऱ्हावा म्होरं आन मोजा."

"माझ्याच्यानं न्हाई व्हायचं, चिमाक्का. आकडा निघत न्हाई."

"निघंल. येसू असता तर त्येच्यासाठी काढला असता का न्हाई?"

सुभाना टेकडीच्या पायथ्याशी गेला. सगळ्यांना ओलांडून वाटेच्या तोंडाशी उभा राहिला आणि गावाकडं वळला. तीन वर्षांनी त्यानं ओळ बघितली. मग तो हातांनी माणसं लावू लागला. तापानं पडलेले पुढं, म्हातारे त्यांच्यामागं, पोरं कडेवर घेतलेल्या बायका मधे, आणि तगडे सगळ्यांत शेवटी. सगळ्यांत पुढं चिमाक्का. तगडे भडकले. त्यांच्या मांड्यांना पाणी लागलं होतं.

"म्हंजी आमी बुडायचं व्हय?"

"न्हाई बुडणार," सुभाना म्हणाला. "मी बघतोय."

ते शब्द तोंडातून निघताना त्याचा आवाज फाटला. पण निघाले. आणि त्यांच्यामागून आकडाही निघाला. "उजवं पाऊल," तो म्हणाला आणि स्वतःचं डावं पाऊल मागं टाकलं. एक.

तो टेकडी उलटा चढला. कड्याच्या वाटेनं, चिखलातून, पाठमोरा, डोळे ओळीवरून न हलवता. दोन, तीन, चार. चिमाक्काचा श्वास सुटला की आकडा, आणि त्या आकड्यावर अख्ख्या गावाचं पाऊल. तो अकरापर्यंत आला. बारा म्हणता येईना. तो थांबला, ओळ थांबली. पाच आकड्यांचा तो वेळ त्यानं गप्प राहून एकेका तोंडाकडं बघितलं. कुणाचे ओठ निळे पडलेत, कुणाचा पाय लटपटतोय. मग परत एक. असं ते गाव चढलं. अकरा पावलं आणि पाच आकड्यांची विश्रांती. कुणी कुणाला रेटलं नाही.

त्याच्या टाचेखाली येणारे दगड आपण होऊन सपाट होत होते, असं म्हणतात. आणि तो गप्प राहायचा तेवढा वेळ खालचं पाणीही चढायचं थांबायचं, असं म्हणतात. मला दगडपाण्याचं ठाऊक नाही. पण दोनशेच्या वर माणसं त्या वाटेनं चढली आणि एकाचंही पाऊल चुकलं नाही, हे तांबखडीत कुणालाही विचारा.

माथ्यावर एक मोठा खडक आहे. त्याला पाठ टेकली तेव्हा सुभाना थांबला आणि ओळीला हातानं बाजूनं वर घेऊ लागला. पहिली चिमाक्का आली. ती त्याच्या पायाशी बसली आणि तिनं वर बघितलं. येसूचा श्वास ऐकत तिनं सारा संसार केला होता, त्यामुळं श्वास कशाला म्हणतात ते तिला कळत होतं. सुभानाची छाती एकदा वर झाली, खाली गेली, आणि परत वर आली नाही. आकडा तेव्हा अकरावा होता. ओठ मिटलेले होते.

चिमाक्का ओरडली नाही. खाली अजून शंभर माणसं वाटेवर होती.

आणि मोजणी थांबली नाही. पाच आकडे गेले आणि वाटेवरच्या माणसांना ऐकू आलं, एक. खणखणीत, सुभानाच्याच आवाजात. दोन. तीन. खालून ती माणसं त्या आवाजावर पाऊल टाकत वर येत राहिली, आणि वर चिमाक्का मिटलेल्या ओठांकडं बघत बसून राहिली. असं म्हणतात, की शेवटचा गडी पाण्यातून पाय ओढून माथ्यावर आला तेव्हाच तो आवाज थांबला.

सुभानाचे डोळे उघडेच होते, वाटेवर लागलेले. दोघातिघांनी मिटून बघितले, मिटेनात. मग चिमाक्का उठली. घोंगडीतून तिनं तांबड्या काठाचं मुंडासं काढलं. पुरातून तिनं तेवढंच बरोबर आणलं होतं. ते सुभानाच्या डोक्याला बांधलं आणि म्हणाली, "मिटा आता, वस्ताद. समदी आली. मी बघितलंय."

आणि ते मिटले.

गाव पुन्हा खाली गेलं नाही. टेकडीवरच घरं झाली, देऊळ झालं. पुढच्या जत्रेला पालखी निघाली आणि चिमाक्का तिच्यापुढं आडवी उभी राहिली.

"पालखी ताफ्याच्या मागं न्या," ती म्हणाली.

पुजारी चिडला. "अगं, देव कुठं मागं असतोय व्हय?"

"माझा मानूस पडला तवा देव म्होरं हुता. समदी म्होरंच बघत हुती. मागं कोन बी न्हवतं. आता देवानं मागं ऱ्हावं. म्हंजी वस्तादाला मानसं बी दिसतील आन देव बी."

पुजाऱ्यानं खांदेकऱ्यांना खूण केली. पालखी मागं गेली. मागं कोण कुठला खांदा देतोय ते कुणाला दिसेना, तेव्हापासून मानकऱ्यांची भांडणंही मिटली.

आजही तांबखडीत तसंच आहे. सिदोबाची पालखी लेझमीच्या शेवटच्या ओळीमागून चालते. पहिल्या ओळीत ज्याला सगळ्यांत कमी जमतं तो उभा राहतो, आणि त्याच्या डोक्याला तांबड्या काठाचं मुंडासं असतं. नवा वस्ताद निवडायचा तर त्याला किती जोर काढतोस असं कुणी विचारत नाही. ओळीपुढं उभा करतात, डोळे मिटायला सांगतात आणि विचारतात, यांच्यातलं आज कोण दमलंय?

आणि जत्रेत शेवटची फेरी येते तेव्हा वस्ताद अकरापर्यंत मोजतो. पुढचे पाच आकडे तांबखडीत कुणी म्हणत नाही. हलगी थांबते, लेझीम थांबते. तेवढा वेळ जो तो मान वळवून आपल्या शेजारच्याकडं बघतो, त्याचा श्वास नीट चाललाय ना म्हणून. आणि मागं पालखीत सिदोबाही बघत असतो, असं म्हणतात.